मंदावलेला फोन आणि न सांगितलेले कारण

यंत्र म्हातारे होते, हे कारखान्यात आयुष्य घालविलेल्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही. पट्टा सैल पडतो, बेअरिंग झिजते, आणि मग शहाणा फिटर यंत्राचा वेग थोडा उतरवून त्याच्याकडून आणखी काही महिने काम करून घेतो. यात गैर काहीच नाही. पण समजा, नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराचे यंत्र असे मंद केले आणि त्याला ते सांगितलेच नाही, तर? तो बिचारा समजेल की आपलेच हात आता चालेनासे झाले. स्मार्टफोनच्या ज्या प्रकरणाविषयी येथे बोलावयाचे आहे, त्याचे मर्म एवढ्यातच आहे. म्हणून आधी फिटरची बाजू समजून घेऊ आणि मग मालकाची.

फोनमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. सोनी कंपनीने ती १९९१ साली प्रथम बाजारात आणली. ही बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली, अशी आपली समजूत असते. ती अर्धी खरी आहे. वापराबरोबर काही लिथियम आतल्या आत कायमचे अडकून पडते, म्हणजे टाकी लहान होत जाते. परंतु त्याबरोबर टाकीचा नळही आतून गंजावा तसा अरुंद होत जातो, आणि आपल्या विषयात महत्त्व आहे ते या नळाला. शास्त्राच्या भाषेत, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. फोनवर नुसती वेळ पाहताना वीज थेंबथेंब लागते. पण कॅमेरा उघडला किंवा एखादे मोठे ॲप सुरू केले की प्रोसेसर क्षणभर एकदम मोठा प्रवाह ओढतो. प्रवाह गुणिले रोध इतके व्होल्टेज आतच खर्ची पडते, हा ओहमचा साधा नियम. जुन्या बॅटरीत हा खर्च इतका वाढतो की बाहेर मिळणारे व्होल्टेज फोनच्या किमान गरजेखाली घसरते आणि फोन तडकाफडकी बंद पडतो. पडद्यावर मात्र बॅटरी बरीच शिल्लक दिसत असते! थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून हा प्रकार गार हवेत अधिक.

ॲपल कंपनीच्या आयफोन ६ आणि ६एस या फोनांचे असेच होऊ लागले. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने काही ६एस फोनांच्या बॅटऱ्या फुकट बदलून देण्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे नवे सॉफ्टवेअर आले, आणि अचानक बंद पडण्याचे प्रमाण ६एस मध्ये ८० टक्क्यांहून व ६ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक घटले, असे कंपनीने फेब्रुवारीत अभिमानाने सांगितले. कसे घटले, ते मात्र स्पष्ट केले नाही. उपाय आपल्या फिटरचाच होता. बॅटरी थकली आहे असे दिसले की सॉफ्टवेअर प्रोसेसरला पूर्ण वेगाने धावूच देत नसे.

हे उघडकीस आले डिसेंबर २०१७ मध्ये. आयफोनच्या एका मालकाने बॅटरी बदलली आणि फोन पुन्हा पहिल्यासारखा धावू लागल्याचे जाहीर केले. फोनचा वेग मोजणारे गीकबेंच नावाचे सॉफ्टवेअर जॉन पूल यांच्या प्रायमेट लॅब्ज या कंपनीचे. त्यांच्याजवळ असंख्य फोनांची मापे जमलेली होती. ती त्यांनी आलेखावर मांडली. एकाच जातीच्या फोनांचे माप एकाच ठिकाणी गर्दी करावयास हवे. जुन्या सॉफ्टवेअरवर ते तसे होते; नव्यावर खालच्या वेगांना निरनिराळे उंचवटे दिसू लागले. हे १८ डिसेंबरला प्रसिद्ध झाले. २० तारखेस कंपनीने गोष्ट कबूल केली आणि २८ तारखेस माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर वर्षभरासाठी ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला.

आता मालकाची बाजू. फोनचे आयुष्य आम्ही जाणूनबुजून कधीच कमी केले नाही, असे कंपनीचे म्हणणे. ते आम्ही क्षणभर मान्य करतो. मनातला हेतू शोधीत बसणे हे चळवळीतल्या माणसाचे काम नव्हे. आम्ही नेहमी हिशेबाची वही मागतो. फोन मंदावलेल्या ग्राहकाला कारण ठाऊक असते, तर त्याने ७९ डॉलर देऊन बॅटरी बदलली असती. ठाऊक नसल्यामुळे तो दुकानात जाई, आणि त्याच हंगामात तेथे ९९९ डॉलरचा आयफोन एक्स मांडलेला होता. वहीचे पान खुद्द कंपनीनेच उघडले. २ जानेवारी २०१९ रोजी प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांस लिहिले की तिमाहीचे उत्पन्न अंदाजिलेल्या ८९ ते ९३ अब्ज डॉलरऐवजी ८४ अब्जांच्या घरात राहील. कारणांत चीनमधील मंदी मुख्य होती. पण स्वस्तात बॅटरी बदलून मिळाल्यामुळे काही ग्राहकांनी नवा फोन घेतला नाही, हेही त्यांनी त्यात नोंदले.

काही वक्ते या प्रकरणाची सांगड विजेच्या दिव्यांच्या फीबस कटाशी घालतात. १९२४ साली बड्या दिवेवाल्या कंपन्यांनी एकत्र येऊन दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरविले, आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड ठेवला. आमच्या मते ही तुलना सैल आहे. तेथे वस्तूच खालावली. येथे उपाय योग्य होता, लपविले ते कारण. फ्रान्समध्ये वस्तू मुद्दाम अल्पायुषी करणे हा २०१५ पासून गुन्हा आहे. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे ॲपलला २.५ कोटी युरोंचा दंड झाला तो ग्राहकांस माहिती न दिल्याबद्दल. इटलीने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगचा दोष म्हणजे गॅलॅक्सी नोट ४ या जुन्या फोनवर त्याला न झेपणारे सॉफ्टवेअर घालावयास लावणे. अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड २०२० मध्ये झाली, गुन्हा कबूल न करता. ग्राहकांच्या हाती प्रत्येकी सुमारे ९२ डॉलर पडले ते २०२४ साली. तोवर ते फोन कोणत्या खणात पडून असतील कोण जाणे!

ज्याला फोन करमणुकीसाठी हवा त्याचे एक वेळ भागेल. पण घरोघर माल पोचविणाऱ्या पोराला आणि ॲपवर भाडे घेणाऱ्या रिक्षावाल्याला फोन म्हणजे हत्यार आहे. त्यांच्यासाठी पुढील माहिती. मार्च २०१८ मध्ये आलेल्या आयओएस ११.३ पासून आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची शिल्लक ताकद टक्क्यांत दिसते. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के ताकद राखतील अशा बनविल्या आहेत. १५ पासून १०००. युरोपात २० जून २०२५ पासून ८०० चार्जिंगनंतर ८० टक्क्यांची अट कायद्यानेच आली आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. जुना आयफोन विकत घेणाऱ्याने काचेवरचे ओरखडे मागाहून पाहावेत, आधी तो आकडा पाहावा. ८० च्या खाली असला तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.