पेटी, पियानो आणि चेलो : दोन फ्रेंच सोनाटांच्या निमित्ताने

संगीताला भाषा नसते, ते थेट हृदयाला भिडते, असे आपण सभासमारंभांतून नेहमी ऐकतो. मला हे पूर्ण पटत नाही. परक्या भाषेतील कविता वाचायची तर शेजारी शब्दकोश लागतो. तसेच परके संगीत ऐकायचे तर चार गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात. त्या नसल्या की आपण पाच मिनिटे ऐकतो, 'काही कळत नाही' म्हणतो आणि बंद करतो. दोष संगीताचा नसतो आणि आपल्या कानांचाही नसतो. त्या चार गोष्टी माझ्या विद्यार्थी मित्रांसाठी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निमित्त आहे एका ध्वनिमुद्रणाचे. झाँ-गियाँ केरास हे चेलोवादक आणि अलेक्सांद्र तारो हे पियानोवादक, या दोघांनी क्लोद देब्युसी आणि फ्रान्सिस पूलँक या दोन फ्रेंच रचनाकारांचे चेलो-पियानोचे सोनाटे एकत्र वाजवले. 'हार्मोनिया मुंडी' या कंपनीने ते २००८ मध्ये प्रसिद्ध केले. मी ते मोबाईलवर अनेकदा ऐकले. चाकूरच्या मुलाला यात काय सापडले, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्या घरी पेटी आहे, वडील भजनी मंडळात ती वाजवतात, आणि पेटीविषयीचा एक जुना वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तोच वाद मला या सोनाटांत निराळ्या रूपात भेटला.

चेलो आणि सोनाटा

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील वडीलधारे वाद्य. उंची सुमारे चार फूट. वादक खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. तारा चार. पेटीच्या भाषेत सांगायचे तर त्या पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा या स्वरांवर लावतात, म्हणजे शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचे नाते असते. सतारीसारखे पडदे त्याला नसतात. बोट तारेवर कुठेही ठेवता येते आणि सरकवता येते. त्यामुळे मींड, आंदोलन, स्वराचे बारीक चढउतार हे सारे चेलोवर निघते. आवाज पुरुषी, भरदार, खर्जाचा. सारंगी ज्यांनी कान देऊन ऐकली असेल त्यांना चेलो फार परका वाटणार नाही.

शिवाय आपण चेलो कधीच ऐकला नाही असेही नाही. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतून गोव्याच्या वादकांनी व्हायोलिन आणि चेलोचे ताफे कित्येक वर्षे वाजवले. जुन्या हिंदी गाण्यांत गायकाच्या आवाजाखाली एक गंभीर सूर वाहत असतो, तो पुष्कळदा चेलोचाच असतो.

'सोनाटा' हा शब्द इटालियन आहे. वाजवायची रचना ती सोनाटा, गायची ती कंटाटा, असा मूळचा साधा भेद. पुढे एका किंवा दोन वाद्यांसाठी लिहिलेली, तीन-चार भागांची मोठी रचना असा अर्थ रूढ झाला. आपल्याकडे रागाचा विस्तार कलावंत बैठकीत बसल्या जागी करतो. सोनाट्यात प्रत्येक स्वर आधी कागदावर लिहिलेला असतो. म्हणून एकच रचना दोन वादकांनी वाजवली तरी स्वर बदलत नाहीत. बदलतो तो लगाव, दाब, वेग, आणि दोघांनी एकमेकांना दिलेली जागा.

दोन स्वभावांची अडचण

आता मुख्य मुद्दा. पियानो हे पट्ट्यांचे वाद्य आहे. पट्टी दाबली की आतली लोकर चढवलेली हातोडी तारेवर आपटते, स्वर निघतो आणि निघाल्या क्षणापासून विरू लागतो. तो लांबवता येत नाही, वाढवता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येत नाही. उलट चेलोचा स्वर गज फिरेल तोवर टिकतो. मध्येच तो फुगवता येतो, बारीक करता येतो, वळवता येतो. एकाच्या पायऱ्या ठरलेल्या, दुसऱ्याचा उतार सलग.

सुरावटीचाही प्रश्न आहे. सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला तर निसर्गतः जुळणारा शुद्ध गंधार ३०० आंदोलनांचा येतो. पियानोचे सप्तक मात्र बारा समान भागांत वाटलेले असते, त्यामुळे त्याचा गंधार ३०२.४ च्या आसपास पडतो. फरक किरकोळ दिसतो, पण तयार कानाला तो बोचतो. चेलोवादकाचे बोट ३०० वर जाऊ पाहते आणि शेजारची पट्टी ३०२.४ वर अडून बसलेली असते.

हाच तो पेटीचा वाद. पेटीत मींड नाही, पेटीचे स्वर गळ्याच्या श्रुतींना न्याय देत नाहीत, म्हणून ती आपल्या संगीताला घातक, असे मोठमोठ्यांचे मत होते. रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला विरोध होता. गंमत अशी की, हा पक्ष ज्यांनी हिरिरीने मांडला त्यांत जॉन फोल्ड्स हे एक इंग्रज रचनाकार होते, आणि ते मूळचे चेलोवादक! मँचेस्टरच्या प्रसिद्ध हॅले वाद्यवृंदात त्यांनी चेलो वाजवला होता आणि चेलो-पियानोचा एक सोनाटाही लिहिला होता. १९३५ मध्ये ते भारतात आले, दिल्लीला आकाशवाणीच्या पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख झाले, आणि १९३८ मध्ये आकाशवाणीच्या 'इंडियन लिसनर' या नियतकालिकात त्यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. १९३९ मध्ये कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी, १ मार्च १९४० पासून, आकाशवाणीवर पेटीला बंदी आली. ती सैल व्हायला १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला. सुमारे तीस वर्षे पेटी देवळात वाजत होती, नाटकात वाजत होती, बैठकीत वाजत होती. रेडिओवर मात्र तिला मज्जाव होता.

त्याच सुमारास मुंबईतही चेलो आणि पियानो एकत्र वाजत होते. १९३४ मध्ये मुंबईत आलेले वॉल्टर कॉफमन यांनी तेथे छोट्या वाद्यमेळाच्या संगीतासाठी एक मंडळ स्थापन केले. त्यात कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एदिजिओ व्हेर्गा चेलोवर असत. आकाशवाणीची पहाटेची जी धून आपल्या घराघरांत पोचली, तिचे कर्तेही हेच कॉफमन मानले जातात. म्हणजे ज्या सुरांना आपण दूरचे समजतो त्यांची माणसे आपल्या अंगणापर्यंत केव्हाच येऊन गेली होती.

फोल्ड्स यांनी दाखवलेले दोष खोटे नव्हते. प्रश्न असा की, दोन स्वभावांची वाद्ये एकत्र आणायचीच नाहीत, की त्यांना एकत्र नांदण्याची रीत शोधायची? देब्युसीने १९१५ मध्ये एक रीत शोधली होती.

देब्युसीचा सोनाटा

१९१५ म्हणजे पहिल्या महायुद्धाचे दुसरे वर्ष. देब्युसी ५२ वर्षांचा होता आणि कर्करोगाने त्याला ग्रासले होते. युद्ध सुरू झाल्यापासून त्याच्या हातून फारसे लिहून झाले नव्हते. त्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील पूरव्हिल या गावी तो राहायला गेला आणि तेथे लेखणी पुन्हा चालू लागली. वेगवेगळ्या वाद्यांसाठी सहा सोनाटे लिहायचे त्याने ठरवले. त्यांतला पहिला हा चेलो-पियानोचा. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली, आणि १९१८ च्या मार्चमध्ये तो वारला. सहांपैकी तीनच पुरे झाले. मुखपृष्ठावर त्याने आपल्या नावापुढे 'फ्रेंच संगीतकार' असे लिहवून घेतले. देश युद्धात असताना हा त्याचा अभिमान होता. पण याच माणसाला १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावा बेटातील वाद्यवृंदाने वेड लावले होते, हेही विसरू नये.

सोनाटा अवघा अकरा-बारा मिनिटांचा, तीन भागांचा. पहिला भाग 'प्रोलोग', म्हणजे नांदी. पियानो धीरगंभीरपणे सुरुवात करतो आणि मग चेलो वरून खाली उतरत येतो, एखाद्या गायकाने तान घेऊन सावकाश षड्जावर यावे तसा. इथे षड्ज पांढरी दोनचा आहे आणि गंधार कोमल. पियानोवादकाने चेलोशी झुंजू नये, त्याला साथ द्यावी, असे देब्युसीने बजावून ठेवले होते. म्हणून पियानोची वीण त्याने विरळ ठेवली आहे. चेलो लांब स्वर धरतो तेव्हा पियानो पुष्कळदा थोडक्यात बोलून गप्प होतो. पट्टी गप्प राहिली की चेलोच्या बोटाला आपल्या मनाचा गंधार लावायला मोकळीक मिळते.

दुसरा भाग 'सेरेनाद'. हा या सोनाट्याचा गाभा, असे मला वाटते. येथे चेलोवादक बराच वेळ गज बाजूला ठेवतो आणि बोटांनी तारा छेडतो. छेडलेला स्वर लगेच विरतो, म्हणजेच चेलो पियानोचा स्वभाव अंगीकारतो. इकडे पियानोही तुटक, कोरडे स्वर खालच्या सप्तकात टाकतो. डोळे मिटून ऐकले तर क्षणभर कोणता स्वर कुणाचा हे उमगत नाही. कधी गिटारचा भास होतो, कधी कुणी अडखळत बोलते आहे असे वाटते. मधूनच गज तारेवर येतो, एखादा स्वर लांबतो, आणि पुन्हा छेडणे सुरू होते. मग हा भाग न थांबता तिसऱ्या भागात शिरतो. आता पियानो पेडल दाबून स्वर एकमेकांत मिसळू देतो, पाण्यावर तरंग उठावेत तसे. आता तो चेलोच्या सलगपणाकडे सरकलेला असतो. शेवट एकाएकी येतो, दार धाडकन लावावे तसा.

याच १९१५ सालची आणखी एक हकिगत सांगण्यासारखी आहे. मोरिस मारेशाल नावाचा तरुण चेलोवादक तेव्हा फ्रेंच सैन्यात होता. त्याच्या दोन सुतार सोबत्यांनी दारूगोळ्याच्या पेटीच्या फळ्या आणि एका दाराचे लाकूड घेऊन त्याला आघाडीवरच चेलो करून दिला. सेनापतींच्या सह्या असलेला तो ओबडधोबड चेलो पॅरिसच्या संगीत-संग्रहालयात आहे. युद्धातून वाचलेल्या या मारेशालने १९३० मध्ये रोबेर कासादस्यूच्या पियानोसोबत देब्युसीचा हाच सोनाटा ध्वनिमुद्रित केला.

पूलँकचा सोनाटा

पूलँकची गोष्ट दुसऱ्या महायुद्धाशी जोडलेली आहे. १९४० मध्ये त्याने सोनाट्याचा कच्चा आराखडा केला, पण तो पुरा व्हायला १९४८ उजाडले. चेलोवादक पियेर फूर्निए यांना तो अर्पण केला आहे. १९४९ च्या मे महिन्यात पॅरिसला तो प्रथम वाजला, तेव्हा चेलोवर फूर्निए आणि पियानोवर स्वतः पूलँक होता.

याचे चार भाग असून तो देब्युसीच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. पहिला भाग कूच करणाऱ्या पावलांचा, खेळकर. तिसरा नाचाचा. नवख्याने मात्र दुसऱ्यापासून, 'काव्हातीन'पासून, सुरुवात करावी. पियानो हलक्या हाताने स्वरसमूह मांडतो आणि त्यावर चेलो गाऊ लागतो. इथे साथ म्हणजे काय हे आपल्या कानाला चटकन कळते. बैठकीत पेटीवाला गायकाच्या मागे अर्धे पाऊल ठेवून चालतो, तीच नजर इथे आहे. देब्युसीच्या तुलनेत पूलँक सरळ आहे. विचार कमी करायला लावतो, पण गोडवा अधिक देतो.

आपल्यासाठी

बंदीने पेटीचा प्रश्न सुटला नाही. तो वादकांनी सोडवला. आपल्या मराठवाड्याचेच उदाहरण घ्या. १९२२ मध्ये जालन्याजवळच्या जळगाव या खेड्यात जन्मलेले अप्पा जळगावकर भीमसेन जोशींसारख्या गायकांना पेटीची साथ करीत. पट्टीत मींड नाही हे त्यांना ठाऊक होते. पण भात्याचा दाब कमीजास्त करून, शेजारच्या स्वराला ओझरता स्पर्श करून मींडेचा भास निर्माण करता येतो, आणि जिथे गळा श्रुतीवर रेंगाळतो तिथे पेटीने थांबायचे असते, हे जाणत्या पेटीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आत्मसात केले. देब्युसीने कागदावर जे केले ते यांनी बैठकीत केले. वाद्याची मर्यादा ओळखणे आणि दुसऱ्याला जागा देणे, दोन्हीकडे रीत हीच.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांच्यासाठी थोड्या व्यावहारिक सूचना. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नये. चेलोची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ६५ आंदोलनांची असते. तो खर्ज त्या स्पीकरमधून जवळजवळ नाहीसा होतो. कानात घालायचे इअरफोन वापरावेत. आधी पूलँकची 'काव्हातीन', मग देब्युसीचा 'सेरेनाद', आणि मग दोन्ही सोनाटे आरंभापासून. पहिल्यांदा फक्त चेलोकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा फक्त पियानोकडे, तिसऱ्यांदा दोघांतल्या मोकळ्या जागांकडे.

एवढे ऐकूनही कोणी 'मला आवडले नाही' म्हटले तर त्याचे मत मी आदराने ऐकेन. 'हे आपले नव्हे' असे न ऐकताच म्हणणाऱ्याला मात्र मी एवढेच विचारीन, की सप्ताहात ज्या पेटीवर आपण अभंग म्हणतो तिचे जन्मगाव कोणते? अलेक्सांद्र देबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले, ते पॅरिसमध्ये. आपल्या बोटांनी तिला अभंग शिकवला म्हणून ती आपली झाली.