थोडेसे की अजिबात नाही?

फराळाचे ताट समोर आले की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘थोडेच खा’ आणि ‘हातही लावू नका’. आपल्यासाठी योग्य कोणता, हे पहिल्या घासानंतर काय घडते यावर ठरते.

१९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक व नंतर हवे तेवढे आइस्क्रीम दिले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. सतत पथ्य सांभाळणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले. ‘मोडलेच आहे, तर आज होऊन जाऊ दे’ हा विचार एका करंजीपेक्षा महाग पडतो.

म्हणून डबा जवळ न घेता ठरवलेले तेवढेच बशीत काढावे आणि सावकाश खावे. एकावर थांबणे जमतच नसेल, तर तो पदार्थ घरी न आणणे सोपे. मधुमेहींनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नियम मोडलाच, तर पुढचे जेवण नेहमीसारखे घ्यावे. भरपाई म्हणून उपास नको. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्याने धोकादायकरीत्या उतरू शकते.