इंजिन निकामी झालेली जुनी मासेमारी नौका : निर्णय सांगाडा पाहूनच

देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे प्रत्येकी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास मनाई असते. या अवधीत नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि त्यांची डागडुजी होते. ज्या नौकेचे इंजिन सरत्या हंगामात निकामी झाले, तिच्या मालकासमोर याच काळात एक कठीण प्रश्न उभा राहतो. जुनी लाकडी नौका दुरुस्त करावी की मोडीत काढावी? हा निर्णय चुकल्यास कर्जाचा बोजा वाढतोच, शिवाय तांडेल व खलाशी यांच्या जिवालाही धोका निर्माण होतो.

अशा वेळी बहुतेक मालक प्रथम मेकॅनिकला बोलावून इंजिनाच्या खर्चाचा अंदाज घेतात. वास्तविक तपासणीचा क्रम याच्या उलट असावयास हवा. इंजिन उचलून बाहेर काढता येते आणि त्या जागी दुसरे बसवता येते. नौकेचा कणा कुजला असेल, तर मात्र ती जवळजवळ नव्याने बांधावी लागते.

सांगाड्याची तपासणी

नौका कोरड्या जागी घेतल्यावर तळाच्या फळ्यांवर हातोडीने हलके ठोके मारून पाहावे. निकोप लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या लाकडाचा बद्द येतो. संशयित जागी अणकुचीदार टोचा सहज आत शिरल्यास लाकूड निकामी झाले आहे, असे समजावे. कणा, फासळ्या, नाळ आणि इंजिन ज्यावर बसते त्या आडव्या-उभ्या तुळया यांची तपासणी सर्वांत महत्त्वाची ठरते.

खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे साचलेले गोडे पाणी लाकूड अधिक कुजवते. त्यामुळे डेकखालचे कोपरे आणि हवा न खेळणाऱ्या जागा विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. पाण्याखालील भागात लाकूड पोखरणाऱ्या सागरी जिवांचा उपद्रव होतो. त्यांनी पाडलेले छिद्र बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे दिसत असले, तरी आतील फळी पोकळ झालेली असू शकते. लोखंडी खिळे गंजून त्यांच्याभोवतीचे लाकूड मऊ पडले असेल, तर केवळ खिळे बदलून भागत नाही.

याउलट काही दोष दिसावयास गंभीर असले तरी तसे नसतात. अनेक आठवडे उन्हात राहिलेल्या नौकेच्या फळ्या आकसतात व सांधे उघडे पडतात. सांध्यांत कापूस भरून ते बुजवल्यावर आणि नौका पाण्यात सोडल्यावर लाकूड फुगते आणि गळती बहुधा कमी होते. एक-दोन फळ्या बदलणे हेही नेहमीचे काम आहे.

इंजिनातील बिघाड

सांगाडा निकोप आढळल्यासच इंजिनाकडे वळावे. डिझेल इंजिन बंद पडले म्हणजे ते संपले, असे नव्हे. इंधनात पाणी किंवा हवा शिरणे, गाळणी तुंबणे, थंड पाण्याचा पंप बिघडणे ही कारणे अल्प खर्चात दूर होतात. इंजिनाचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असा अर्थ होतो. हा दोष गॅस्केटचा असू शकतो किंवा ब्लॉकला तडा गेल्याचाही असू शकतो. क्रँकशाफ्ट हाताने फिरवूनही हलत नसेल, तर पूर्ण इंजिन उघडल्याशिवाय खर्चाचा अंदाज स्वीकारू नये. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पंखा यांची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

नवे इंजिन घेताना अधिक अश्वशक्तीचा मोह अनेकांना होतो. तथापि, पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेच्या वेगाला तिच्या लांबीमुळेच मर्यादा पडते. पाण्यालगतची लांबी ३६ फूट असल्यास ही मर्यादा सुमारे ८ नॉट इतकी असते. त्यापुढे शक्ती दुप्पट केली तरी वेग फारसा वाढत नाही. डिझेलचा खर्च मात्र वाढतो आणि जुन्या सांध्यांना अधिक हादरे बसतात. इंजिन बदलल्यास त्याची नोंद नौकेच्या नोंदणी प्रमाणपत्रातही करून घेणे आवश्यक असते.

खर्चाचा हिशेब

एकूण खर्चाला नौकेच्या उरलेल्या आयुष्याने भागल्यास चित्र स्पष्ट होते. समजा, इंजिन, ते बसवण्याची मजुरी आणि लाकूडकाम मिळून ८ लाख रुपये लागणार आहेत आणि सुस्थितीतील दुसरी नौका १२ लाखांना मिळते. ती दुसरी नौका १० वर्षे चालणार असेल, तर तिचा वार्षिक भार १ लाख २० हजार रुपये होतो. जुन्या नौकेचा सांगाडा १० वर्षे टिकणार असेल, तर दुरुस्तीचा भार वर्षाला केवळ ८० हजार पडतो. तोच सांगाडा ४ वर्षांचाच सोबती असेल, तर हा भार २ लाखांवर जातो. इंजिनाची किंमत दोन्ही वेळा तीच आहे, निर्णय बदलतो तो सांगाड्यामुळे.

दुरुस्तीत हंगामाचे जे दिवस बुडतील, त्यांचे उत्पन्नही खर्चात धरावे. कर्ज घ्यावयाचे असल्यास परतफेडीची मुदत सांगाड्याच्या उरलेल्या आयुष्याहून अधिक असू नये. अन्यथा नौका मोडीत निघाल्यावरही हप्ते फेडत राहावे लागतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या जुन्या नौका बदलण्यासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे मोठा खर्च करण्यापूर्वी राज्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अशा साहाय्याची चौकशी करणे हिताचे ठरते.

भर समुद्रात इंजिन बंद पडलेली नौका वारा नेईल तिकडे वाहत जाते. अशा नौका शेजारी देशाच्या सागरी हद्दीत शिरल्याच्या आणि त्यावरील मच्छीमारांना अटक झाल्याच्या घटना यापूर्वी घडल्या आहेत. इंजिन बंद पडले तरी निकोप सांगाडा मदत येईपर्यंत खलाशांना तरंगत ठेवू शकतो. कुजलेल्या सांगाड्याबाबत ही खात्री नवे इंजिनही देऊ शकत नाही. अशी नौका वडिलांच्या हातची असली, तरी तिचे गिअरबॉक्स, विंच आणि इतर उपयुक्त साहित्य काढून घेऊन तिला निरोप देणेच श्रेयस्कर होय.