बिअरच्या जाहिरातीत बिअर कुठे असते? (आणि सिनॉप्सिसमधली एक नेहमीची चूक)



पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. इथे आपल्यापैकी अनेकांची एक चूक होते. माझीही झाली. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, पण कोर्सवर्कच्या सादरीकरणाला विषय कोणताही चालणार होता, म्हणून मी बिअरच्या जाहिराती घेतल्या. शीर्षक दिलं: ‘बिअरच्या जाहिरातींतील भावनिक व देशभक्तिपर आवाहनांचा जळगाव-धुळ्याच्या तरुणांवर होणारा परिणाम’. सरांनी एकच विचारलं, “परिणाम मोजला कुठे?” मी फक्त जाहिराती पाहिल्या होत्या. तरुण एकालाही विचारलं नव्हतं!

आधी जाहिरातींत काय असतं ते पाहू.

१. गळ कसा टाकतात?

कॅनडातल्या मोल्सन कंपनीची २००० सालची जाहिरात घ्या. एक साधा तरुण स्टेजवर येतो आणि आपण कॅनेडियन म्हणजे कोण, अमेरिकनांपेक्षा वेगळे कसे, हे तावातावाने सांगतो. बिअरच्या चवीबद्दल चकार शब्द नाही. प्रेक्षकाची छाती फुगते आणि त्या अभिमानाशेजारी ब्रँडचं नाव येऊन बसतं.

अमेरिकेत २०१६च्या उन्हाळ्यात बडवायझरने कॅनवरचं स्वतःचं नाव काढून तिथे चक्क ‘अमेरिका’ छापलं. गंमत म्हणजे २००८ पासून ही कंपनी बेल्जियममध्ये मुख्यालय असलेल्या समूहाच्या मालकीची आहे. म्हणजे देशप्रेम कॅनवर, मालकी दुसरीकडे.

आपल्याकडे तर आणखी वेगळं. केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ नुसार टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही. म्हणून त्याच नावाचं पाणी, सोडा किंवा म्युझिक सीडी पुढे करतात. याला सरोगेट म्हणजे आडून केलेली जाहिरात म्हणतात. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. संशोधक म्हणून इथे एक गोष्ट टिपून ठेवा: बाटली दाखवता येत नाही, चव सांगता येत नाही, तेव्हा जाहिरातीत उरतं काय? क्रिकेट, मित्र, जल्लोष आणि गुणगुणायची धून. माल गायब, नुसती भावना शिल्लक.

आपल्या भागासाठी अशी जाहिरात करायची झाली, तर हिवाळ्यातलं शेत, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, भरीत पार्टी आणि पुण्याहून सुट्टीला आलेला मित्र एवढं पुरे. आपण आधीच हळवे होऊन बसलेलो असतो.

२. ‘काय आहे’ हे मोजणं

याला आशय विश्लेषण म्हणतात. समजा, पन्नास जाहिराती घेतल्या. प्रत्येकीत झेंडा, सैनिक, संघाची जर्सी, मैत्री, घर यांपैकी काय आहे ते नोंदवायचं. पण नोंद एकट्याने करायची नाही. एक जण जळगावात, एक धुळ्यात, एकमेकांना न विचारता. स्टेडियममध्ये तिरंगा फडकतोय, हे देशभक्तीत टाकायचं की खेळात? इथेच दोघांचं बिनसतं. म्हणून व्याख्या आधी लिहून ठेवायची. दोघांची सहमती किती, आणि त्यातली नुसत्या योगायोगाने किती, हे पाहायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कप्पा गुणांक वापरतात.

एवढं सगळं करूनही उत्तर मिळतं ते फक्त ‘जाहिरातीत काय आहे’ याचं.

३. ‘काय होतं’ हे मोजणं

परिणामासाठी प्रयोग लागतो. टायट्रेशनला आपण ब्लँक रीडिंग घेतो ना, तसंच. एकच जाहिरात, दोन प्रती: एकीत देशभक्तीचा भाग, दुसरीत तो काढलेला. बाकी सगळं सारखं.

आता सापळा बघा. झेंड्याची प्रत जळगावात दाखवली, बिनझेंड्याची धुळ्यात, आणि फरक आला. तो झेंड्यामुळे की गावामुळे? सांगताच येणार नाही. म्हणून दोन्ही गावांत दोन्ही प्रती, आणि कोणाला कोणती दाखवायची ते चिठ्ठी टाकून. विषय दारूचा असल्याने संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागींची लेखी संमती आधी.

आणि एका प्रयोगावर लगेच विश्वास ठेवू नका. १९८२ मध्ये जेराल्ड गॉर्न यांनी विद्यार्थ्यांना पेनाची जाहिरात दाखवली. आवडतं संगीत असताना सुमारे ७९ टक्के विद्यार्थ्यांनी जाहिरातीतल्याच रंगाचं पेन निवडलं. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. पण १९८९ मध्ये केलारिस आणि कॉक्स यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. भावनेने माणूस हलतो हे आपल्याला ‘माहीत’ असतं, म्हणूनच तिथे पुरावा मागायचा राहून जातो.

४. मग शीर्षक काय झालं?

मी ‘परिणाम’ खोडलं आणि लिहिलं: ‘बिअर ब्रँडच्या जाहिरातींतील भावनिक व देशभक्तिपर आवाहनांचे आशय विश्लेषण’. शीर्षक लहान झालं, पण खरं झालं. सर म्हणाले, “आता बस.”

तुमचा सिनॉप्सिस आज एकदा काढा. ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘भूमिका’ यांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि स्वतःलाच विचारा, हे मी मोजणार आहे कुठे? उत्तर नसेल, तर शब्द बदला. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारण्यापेक्षा आत्ता आपणच विचारलेलं बरं.