नियुए : नदी नसलेल्या बेटाचं भरलेलं ताट

न्यूझीलंडच्या ईशान्येला सुमारे २४०० किलोमीटरवर प्रशांत महासागरात नियुए हे एकटंच बेट आहे. क्षेत्रफळ २६० चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आत. १९७४पासून हा देश स्वतःचा कारभार स्वतः पाहतो. न्यूझीलंडशी संलग्नता मात्र कायम आहे.

नियुए म्हणजे समुद्रातून वर उचललं गेलेलं प्रवाळाचं पठार. इथे लांबलचक वाळूचे किनारे नाहीत. चुनखडीचे कडे थेट पाण्यात उतरतात. खडक सच्छिद्र असल्याने पडलेला पाऊस जागच्या जागी मुरतो. म्हणून बेटावर एकही नदी नाही. पिण्याचं पाणी बोअरवेलमधून येतं. नदी नाही म्हणून समुद्रात गाळही जात नाही, आणि पाण्याखालचं प्रवाळ वरूनही लख्ख दिसतं. किनाऱ्यालगतच समुद्र एकदम खोल होत असल्याने जुलै ते ऑक्टोबरमध्ये कुबड्या देवमासे अगदी जवळ येतात. कातुआली हा समुद्रसाप तर फक्त इथल्याच पाण्यात सापडतो.

पूर्व किनाऱ्यावरच्या तोंगो घळीकडे जाणारी वाट सुऱ्यासारख्या धारदार सुळक्यांमधून जाते. शेवटी लाकडी शिडी उतरली की कड्यांनी वेढलेली वाळू आणि तिच्यात वाढलेली माडाची झाडं समोर येतात.

अशा खडकावर शेती करायची तर दोन दगडांच्या बेचक्यात जेवढी माती, तेवढंच शेत. मुख्य पीक तालो, म्हणजे आपलं अळू. आपण पानांची भाजी आणि वड्या करतो. तिथे कंद हे रोजचं मुख्य अन्न. काठीने भोक पाडून रोप खोचायचं आणि पावसावर सोडायचं. पीक निघालं की ती जमीन काही वर्षं पडीक ठेवायची, झाडोरा वाढू द्यायचा. पातळ मातीचा कस टिकवण्याचा हा जुना आणि शहाणा मार्ग आहे.

रविवारच्या जेवणासाठी ‘उमू’ लागते. खड्ड्यात लाकडं पेटवून दगड तापवतात, त्यावर पानांत बांधलेले जिन्नस रचतात आणि सगळं झाकून टाकतात. त्यातला खास पदार्थ ताकिही : अळकुड्या आणि पपईच्या चकत्यांचे थर, वरून नारळाचं घट्ट दूध. पपईचा गोडवा कंदात उतरतो आणि नारळाने सगळं मिळून येतं.

मानाचा पदार्थ मात्र उंगा, म्हणजे नारळ खाणारा मोठा खेकडा. रानात फोडलेला नारळ बांधून ठेवतात आणि रात्री वासाने आलेला खेकडा धरतात. नारळावर पोसलेल्या या खेकड्याचं मांस गोडसर लागतं. पण तो फार सावकाश वाढतो. म्हणूनच लहान खेकडा आणि अंडी असलेली मादी सोडून देणं महत्त्वाचं आहे.

जानेवारी २००४मध्ये ‘हेता’ चक्रीवादळाच्या लाटा कडे ओलांडून आत घुसल्या. घरं गेली, बागा गेल्या. आव्हान फक्त वादळांचं नाही. बेटावर राहतात त्याच्या कितीतरी पट नियुएवासी आज न्यूझीलंडमध्ये आहेत, आणि बेटावरचा तालो तिथवर जातो. उलट बेटावरच्या दुकानांत आयात तांदूळ आणि डबाबंद मांस सहज मिळतं. तरीही जे आहे ते जपण्यासाठी २०२०मध्ये या छोट्या देशाने आपल्या सागरी हद्दीचा सुमारे ४० टक्के भाग संरक्षित केला.

मोजकी माती आणि सावकाश वाढणारा खेकडा यांच्यावर जगायचं, तर घेताना हात आवरावा लागतो. नियुएच्या पारंपरिक जेवणाची खरी किंमत या संयमात आहे.