डाळिंबावरचा काळा डाग वाचता येतो का?

स्टेशनबाहेरच्या ज्यूस सेंटरवर डाळिंबाचा ग्लास मागवला की एक गोष्ट बघा. लाल, तुकतुकीत फळं समोर रचलेली असतात आणि काळे डाग पडलेली, चिरलेली फळं मागच्या टोपलीत असतात. तुमच्यासाठी फरक फक्त दिसण्याचा. पण वाशीच्या एपीएमसी फळबाजारात हाच डाग पिकवणाऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा निकाल लावतो. क्रेट उघडला की व्यापाऱ्याची नजर आधी सालीवर जाते. डाग दिसला की भाव खाली आलाच.

या डागाचं नाव आहे तेल्या. तुमचे मामा किंवा आत्या सांगोला, आटपाडी, सटाणा भागात असतील तर हा शब्द तुम्ही घरात ऐकला असेल, तोही दबक्या आवाजात.

तेल्या म्हणजे झँथोमोनास गटातल्या एका जिवाणूने होणारा रोग. सुरुवातीला पानावर किंवा फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा ओलसर ठिपका दिसतो, म्हणून हे नाव. पुढे ठिपका काळपट होतो आणि फळ तिथेच तडकतं. तडा बऱ्याचदा इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखा असतो. भारतात या रोगाची शास्त्रीय नोंद 1952 ची. कित्येक वर्षं तो फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. 2002-03 नंतर मात्र महाराष्ट्रात त्याने असा उच्छाद मांडला की लोकांनी उभ्या बागा उपटल्या. 2005 मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा तेल्या हा समोरचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

आता प्रश्न असा, की इतकी वर्षं गप्प बसलेला रोग अचानक का उसळला?

वनस्पती रोगशास्त्राचा पहिला धडा म्हणजे रोगाचा त्रिकोण. रोगाला बळी पडणारं झाड, रोग करणारा जीव आणि त्याला मानवणारं हवामान, या तीन बाजू जुळल्या तरच रोग पसरतो. एक बाजू मोडली की खेळ खल्लास.

आपल्याकडे तिन्ही बाजू जुळल्या. आधी पुण्याच्या गणेशखिंड केंद्रावर निवडलेली ‘गणेश’ जात आणि नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘भगवा’, या दोनच जातींनी मैलोन् मैल व्यापले. गोड, देखण्या, बाजारात चालणाऱ्या; पण तेल्यापुढे दोन्ही हतबल. दुसरं, रोगट झाडावर बांधलेल्या गुटी कलमांतून जिवाणू गावोगाव पोहोचला. आणि तिसरा पाऊस. थेंब पानावर आपटतो, उडतो आणि जिवाणूला शेजारच्या झाडावर नेऊन सोडतो. छाटणीची कात्रीही तेच काम करते.

संशोधकांनी या बाजू एकेक करून मोडायला घेतल्या. रोगमुक्त झाडाचीच कलमं किंवा टिश्यू कल्चरची रोपं लावा. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. गळलेली पानं-फळं गोळा करून जाळा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारा. हे मिश्रण एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागांत जन्माला आलं आणि आजही हटलेलं नाही.

सगळ्यात हुशार उपाय मात्र कॅलेंडरचा. डाळिंबाचं झाड पाणी तोडून ताण दिला की हवं तेव्हा फुलवता येतं. मृग बहार धरला तर फळं ऐन पावसात वाढतात, म्हणजे तेल्याला आमंत्रणच. म्हणून रोगाच्या भागात हस्त बहाराचा सल्ला दिला जातो. फूल पाऊस ओसरताना, फळ कोरड्या हवेत.

कागदावर सोपं वाटतं ना? पण मृग बहाराला पावसाचं पाणी फुकट मिळतं. फळं पुढच्या महिन्यांत ढकलली की विहिरीत, शेततळ्यात पाणी लागतं. दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याने रोग टाळायचा की पाणी वाचवायचं? शिवाय परतीचा पाऊस लांबला तर ताणच बसत नाही. प्रयोगशाळेतलं उत्तर बांधावर पोहोचेपर्यंत त्याचा नवा प्रश्न होतो, तो असा.

मग सरळ औषध का मारत नाहीत? मारतात. स्ट्रेप्टोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स बागांत फवारली गेली. पण हेच औषध माणसाच्या क्षयरोगावरही वापरलं जातं. उघड्यावर जितकी फवारणी, तितकी जिवाणू औषधाला निर्ढावण्याची भीती. म्हणजे आटपाडीच्या बागेतला निर्णय आणि नेरूळच्या हॉस्पिटलमधला वॉर्ड वाटतात तितके लांब नाहीत.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाका. तेल्याचा जिवाणू माणसाला आजारी पाडत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये टोमॅटोवर विषाणू आला, तेव्हा त्याचा संबंध थेट कोरोनाशी जोडणारे मेसेज फिरले. बेंगळुरूच्या संस्थेत नमुने तपासले तेव्हा त्यात काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला, जो झाडांनाच होतो. पण आधीच खचलेल्या टोमॅटो शेतकऱ्याला त्या अफवेचा फटका बसायचा तो बसलाच. फॉरवर्डचं बटण दाबणारा अंगठा आपलाच असतो.

वाशीत पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यातल्या किडीचा बंदोबस्त तिथे होतो. डाळिंबावरचा डाग पुसणारं यंत्र मात्र कुठेच नाही. तेल्याला दाद न देणारी आणि भगव्यासारखी विकली जाणारी जात अजून शेतकऱ्याच्या हाती आलेली नाही. 2012 मध्ये या जिवाणूचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. झँथोमोनास गटातले जिवाणू सुईसारख्या रचनेतून झाडाच्या पेशीत प्रथिनं टोचतात आणि तिचा पहारा ढिला करतात, हेही कळलंय. पहारा टिकवणारं झाड कसं घडवायचं, हे काम बाकी आहे.

ते काम फक्त बीएस्सी अ‍ॅग्रीवाल्यांचं नाही. बॉटनी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेकवाले यात आहेतच. कोडिंग येत असेल तर पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल किंवा पाऊस-आर्द्रतेवरून दोन दिवस आधी इशारा देणारी यंत्रणा, हाही याच त्रिकोणाचा अभ्यास आहे. सोलापूर लांब वाटत असेल तर पनवेलपुढे कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. भातावरचा करपा हाही जुना दुखणाईत पाहुणा.

प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? एकदा पहाटे एपीएमसीत जा आणि क्रेट उघडताना बघा. विषय तिथेच, सालीवर लिहिलेला असतो.