पोरगी आई होते तेव्हा आई-बापावर काय गुजरतं? : फिलिपिन्समधल्या घरांची गोष्ट



फिलिपिन्स हा सात हजारांवर बेटांचा देश. बहुतेक लोक कॅथलिक ख्रिश्चन. 2022 च्या सरकारी पाहणीत तिथं 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे पाच-सहा जणी गरोदर राहिलेल्या आढळल्या. 2017 मध्ये हा आकडा आठ-नऊ होता. कमी झालाय, पण ज्या घरात घडतं त्या घराला आकड्याचं काय?

आपल्याकडे कमी वयातलं बाळंतपण बहुतेकदा लवकर लग्न लावल्यामुळे येतं. तिथं पुष्कळदा लग्नाआधीच दिवस जातात, म्हणून पहिला घाव अब्रूवर बसतो. लाजेला तिकडे 'हिया' म्हणतात. ही लाज एकट्या पोरीची नसते, सगळ्या घराची असते. अशा मुलीला 'डिस्ग्रास्याडा' म्हणजे 'अपघात झालेली' म्हणून हिणवतात. पोराला कोण विचारतंय!

बाप चिडतो, मग बोलणंच टाकतो. आईला दुहेरी मार. पोरीचं दुःख तर आहेच, वर "तुझं लक्ष कुठं होतं?" हेही तिनंच ऐकायचं. त्यातून कित्येक आया हाँगकाँगला किंवा आखाती देशांत घरकामाला गेलेल्या. दुसऱ्याची लेकरं सांभाळून पोरीच्या शिक्षणाला पैसे पाठवायचे, आणि एक दिवस फोनवर हे कळायचं. मी जवळ असते तर, हा सल मग सुटत नाही. शिकून नर्स होईल, घर वर काढेल, असं थोरल्या लेकीकडून धरलेलं स्वप्नही मोडतं.

गर्भपाताला तिथं कायद्यानं बंदी आहे. पूर्वी घाईनं लग्न लावून तोंड झाकायचे. आता 18 च्या आतलं लग्न गुन्हा आहे, हा कायदा 2021 च्या डिसेंबरात झाला. आणि गंमत बघा, अल्पवयीन मुलीला सरकारी दवाखान्यात गर्भनिरोधक हवं असेल तर आई-बापाची लेखी संमती लागते. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांचीच सही! कोण मागणार? माझ्या मते घरात बोलणं नसेल तर कायदा दारातच थांबतो.

बाळ आलं की मात्र राग बराच विरघळतो. नातवंड मांडीवर आलं की त्याला देवाची देणगी म्हणतात. पण दूध, लंगोट, दवाखाना हा खर्च आजी-आजोबांवरच येतो, कारण पोरगी कमावती नाही आणि बाळाचा बापही बहुधा शिकणारा किंवा बेकार.

गरोदर राहिली म्हणून मुलीला शाळेतून काढता येत नाही, असा कायदा तिथं 2009 पासून आहे. शाळा सुटलेल्यांसाठी सरकारचे वेगळे वर्गही आहेत. पण पोरगी वर्गात बसायची तर बाळाजवळ कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे आजी, तिकडच्या भाषेत 'लोला'. ती स्वतःच चाळिशीची, रोजंदारीवर जाणारी. तिनं काम सोडलं तर चूल बंद, नाही सोडलं तर पोरीची शाळा बंद.